चार दिवसांचा आठवडा आणि आठ तासांचा दिवस

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. तेव्हापासून शाखांच्या सभांत, कँटीनमध्ये, रनिंग रूममध्ये, सॉर्टिंग हॉलमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आता चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी होणार म्हणे, ते खरे काय?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आशा असते. त्या आशेची थट्टा करण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे ज्याने दिवाळी फाटकावर काढली, त्याला तीन दिवस सलग घरी राहावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे. परंतु कामगार चळवळीने कोणतीही भेट घेण्यापूर्वी ती उलगडून पाहायची असते. हा अग्रलेख त्यासाठीच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'चार दिवसांचा आठवडा' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी बाजारात आल्या आहेत. पहिली म्हणजे चार दिवस, रोज आठ तास, म्हणजे आठवड्याला ३२ तास काम आणि पगार पूर्वीइतकाच. दुसरी म्हणजे चार दिवस, रोज बारा तास, म्हणजे आठवड्याला तेच ४८ तास. पहिलीत कामाचे तास कमी होतात. दुसरीत तास कमी होत नाहीत, ते फक्त दाबून बसवले जातात. आपल्याकडे २०२१ सालापासून सरकारी पातळीवर जी चर्चा चालू आहे ती दुसरीची आहे, आणि परदेशातील ज्या यशाच्या बातम्या आपल्याला ऐकवल्या जातात त्या बहुतांशी पहिलीच्या आहेत. बातमी एकीची आणि माल दुसरीचा, असा हा प्रकार आहे.

परदेशांत काय घडले ते थोडक्यात पाहू. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे २५०० कर्मचाऱ्यांचे तास आठवड्याला ४० वरून ३५-३६ वर आणले गेले, पगार न कापता. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांतील सुमारे २९०० कामगारांवर सहा महिने प्रयोग झाला. तिथेही तास घटले, पगार तोच राहिला, आणि प्रयोग संपल्यावर ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. बेल्जियमने मात्र २०२२ च्या कायद्याने कामगाराला पूर्ण आठवड्याचे तास चार दिवसांत भरण्याची मुभा मागण्याचा हक्क दिला. तिथे तास घटले नाहीत. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण जर्मनीचे आहे. तेथील इंजिन चालकांच्या संघटनेने २०२३-२४ मध्ये वारंवार संप केले आणि मार्च २०२४ मध्ये रेल्वे कंपनीशी करार केला. त्यानुसार पाळीतल्या कर्मचाऱ्यांचे तास ३८ वरून टप्प्याटप्प्याने २०२९ पर्यंत ३५ वर येणार आहेत, पगार न घटता. म्हणजे रेल्वेत तास कमी करता येत नाहीत, हे म्हणणे खरे नाही. पण ते कोणी ताटात वाढून दिले नाहीत, हेही तितकेच खरे.

आता आपल्या घरचा हिशोब मांडू. रेल्वे आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालते. आठवड्यात १६८ तास असतात. एखादी केबिन किंवा एखादे फाटक अखंड चालू ठेवायचे, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने ४८ तास काम करायचे, तर त्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. अशा शंभर जागा असतील तर ३५० माणसे. रजा आणि आजारपणासाठीची राखीव माणसे वेगळी. आता बारा तासांच्या चार पाळ्या लावा. तास ४८ च राहतात, म्हणून माणसेही ३५० च लागतात. प्रशासनाला एकही नवीन जागा भरावी लागत नाही. मात्र ३२ तासांचा आठवडा केला तर त्याच शंभर जागांना ५२५ माणसे लागतील. म्हणजे दीडपट. बारा तासांची योजना मालकवर्गाला का आवडते आणि ३२ तासांचा उच्चारही का होत नाही, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

तरीही फायदे नाकारण्यात अर्थ नाही. आपला महासंघ देशभर पसरलेला आहे आणि हे मराठी पान इटारसी, वडोदरा, बिलासपूर, सिकंदराबाद येथे नोकरी करणारे बांधवही वाचतात. आईवडील गावी, कुटुंब गावी आणि स्वतः क्वार्टरमध्ये एकटा, अशा माणसाला एका दिवसाच्या विश्रांतीत घर गाठता येत नाही. सलग तीन दिवस मिळाले तर शेतीची कामे, मुलांच्या शाळेची कामे, म्हाताऱ्यांचा दवाखाना हे सारे रजा न टाकता होईल. कसारा, कर्जत, डहाणूहून मुंबईला येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या आठवड्याला दोन खेपा वाचतील. काही फाटकवाले आणि रुग्णालयातील काही कर्मचारी आम्हाला उघड सांगतात, की पाळी लांब असली तरी चालेल पण सुट्टी एकत्र मिळू द्या. ही आपल्याच माणसांची मागणी आहे. तिला 'अज्ञान' म्हणून झटकून टाकणारा पुढारी कामगारांपासून दूर गेला आहे असे आम्ही म्हणू.

पण त्याच बांधवांना आम्ही दुसरी बाजूही विचारात घ्यायला सांगतो. बारा तासांची ड्युटी आणि येण्याजाण्याचे चार तास, म्हणजे सोळा तास झाले. उरलेल्या आठ तासांत जेवण, आंघोळ, घरचे काम आणि झोप बसवायची. घरी स्वयंपाक आणि मुले सांभाळणाऱ्या आमच्या भगिनींना ते कसे जमावे? बरे, थकवा तीन दिवसांच्या सुट्टीने मागाहून भरून निघत नाही. तो पाळीच्या अकराव्या-बाराव्या तासाला असतो, आणि नेमका त्याच तासाला सिग्नल पाहायचा असतो, पॉइंट बसवायचा असतो, फाटक बंद करायचे असते. कचेरीत अकराव्या तासाला चूक झाली तर कागद दुरुस्त करता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही. वर चौकशी आणि आरोपपत्र असते ते कर्मचाऱ्यावर, रोस्टर लावणाऱ्यावर नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात म्हटले आहे. बारा तासांच्या चार पाळ्यांवर 'गरजेपुरती' पाचवी पाळी आली की आपण साठ तासांवर पोहोचतो.

आणि ही पाचवी पाळी येणारच, कारण जागा रिकाम्या आहेत. आजसुद्धा रेस्ट गिव्हर नाही म्हणून विश्रांती रद्द होते आणि बदली विश्रांती वहीतच राहते. जिथे एक सुट्टी धड मिळत नाही तिथे तीन कोठून मिळणार? बारा तासांची पाळी मात्र पहिल्या दिवसापासून लागू होईल. हा धोका आम्ही कल्पनेने रंगवत नाही. 'अधूनमधून काम' या वर्गात टाकलेल्या कित्येक फाटकवाल्यांना आजही आठवड्याला ७२ तासांचे, म्हणजे बारा तासांच्या सहा पाळ्यांचे रोस्टर आहे. बारा तास आले, चार दिवस आले नाहीत.

काही जण म्हणतील, की संहितांचा आपल्याशी काय संबंध? रेल्वे कर्मचाऱ्यांचे तास रेल्वे कायदा, १९८९ च्या चौदाव्या प्रकरणाने आणि २००५ च्या नियमांनी ठरतात. हे खरे आहे, आणि म्हणून उद्या सकाळी कोणाचे रोस्टर बदलणार नाही. परंतु त्याच कायद्यात निरंतर कामाची मर्यादा दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास अशी आहे. सरासरी धरली की एका दिवसाचे बारा तास त्यात जिरून जातात. रनिंग स्टाफला तर 'आठवडा'च नाही. महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांती, एवढेच कायदा देतो. मुख्यालयातील १६ तासांची विश्रांती त्या ३० तासांत धरू नये, एवढ्या साध्या मागणीसाठी दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांना २०२४ साली आंदोलन करावे लागले. शिवाय गाड्यांची सफाई, चादरी, खानपान ही कामे करणारे कंत्राटी कामगार आपल्याच फलाटावर राबतात. बाहेर बारा तास रुळले की त्यांच्यावर ते प्रथम येतील, आणि मग आपल्या दारात. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीने वाचावा. तामिळनाडूतही एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांचे विधेयक विधानसभेत मंजूर झाले होते. संघटना एकजुटीने उभ्या राहिल्या आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले.

टपाल खात्याची गोष्ट थोडी निराळी आहे. १९८५ साली केंद्राच्या प्रशासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून, आयुर्विमा महामंडळाला मे २०२१ पासून. पोस्टमनच्या वाट्याला मात्र सहा दिवसच राहिले. रविवारची सुट्टी सोमवारच्या पिशवीत वसूल होते, हे प्रत्येक पोस्टमनला ठाऊक आहे. बीटवर दुसरा माणूस न देता तीन दिवस सुट्टी दिली तर एकतर टपाल साचेल किंवा शेजारच्या बीटवाल्यावर कम्बाइन ड्युटी पडेल. ग्रामीण डाक सेवकांची तर याहून मोठी थट्टा आहे. २०१८ पासून त्यांचा भत्ता चार किंवा पाच तासांच्या हिशोबाने ठरतो, आणि काम मात्र घड्याळ बघत नाही. त्यांच्यापुढे चार दिवसांच्या आठवड्याची भाषा करण्याआधी त्यांचे खरे तास मोजावेत आणि त्यांना नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा द्यावा.

कामाचे तास हे आपल्याला कोणी दान दिलेले नाहीत. शिकागोच्या आधी, १८६२ साली, हावड्याच्या सुमारे १२०० रेल्वे कामगारांनी आठ तासांसाठी संप केल्याची नोंद आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. लोको कामगारांनी १९७३ साली दहा तासांची कबुली सरकारकडून घेतली, तीही संप करूनच. या ४८ तासांना आता जवळजवळ ऐंशी वर्षे झाली. या काळात वाफेचे इंजिन गेले, वीज आली, संगणक आला, एका माणसाच्या हातून होणारे काम कितीतरी वाढले. त्या वाढीतला कामगाराचा वाटा तासांच्या रूपाने मिळाला का? मिळाला नाही. उलट २०२३ पासून बडे उद्योगपती ७० आणि ९० तासांचे उपदेश करू लागले आहेत.

म्हणून आमची भूमिका अशी आहे. आठ तासांचा दिवस ही मर्यादा कायम राहिली पाहिजे. चार दिवस हवेतच, पण तास घटवून आणि पगार, भत्ते व रनिंग स्टाफचे मायलेज न घटवता. पहिला टप्पा म्हणून पाळीतल्या सर्वांना आठवड्याला ४० तास आणि दोन दिवसांची विश्रांती मिळावी. बारा तासांचे फाटक-रोस्टर ताबडतोब बंद व्हावे. रिकाम्या जागा आणि रेस्ट गिव्हरच्या जागा आधी भराव्यात. कोणताही लांब पाळीचा प्रयोग संघटनेच्या लेखी संमतीशिवाय, आणि सुरक्षा कोटीत तर मुळीच, होऊ नये.

ओव्हरटाईमवर ज्यांचा संसार टेकलेला आहे त्यांना तास घटल्याने तोटा वाटेल, हे आम्ही जाणतो. त्याचे उत्तर मूळ पगार वाढवणे हे आहे, अधिक राबणे हे नव्हे. आठव्या वेतन आयोगासंबंधीच्या प्रत्येक निवेदनात हा मुद्दा आला पाहिजे.

शाखा सचिवांनी एक काम करावे. आपल्या डेपोत, स्टेशनवर, पोस्टात गेल्या बारा महिन्यांत किती विश्रांती बुडाल्या आणि किती पाळ्या दहा तासांवर गेल्या, याची नोंद रोस्टर व हजेरी वही पाहून तयार करावी आणि १ मेपूर्वी आमच्याकडे पाठवावी. बोलणीच्या टेबलावर घोषणेपेक्षा ही वही अधिक वजनाची ठरते. प्रशासन तीन दिवसांच्या सुट्टीचे बोलू लागेल तेव्हा आपण ती वही उघडू, आणि आधी बुडालेल्या विश्रांतींचा हिशोब मागू.