एका घरावर तीन गहाणें

भांडतात दोन सावकार आणि घर बुडतें तिसऱ्याचें. पुणें शहरांत व शहराला लागलेल्या गांवांत हा खेळ पुन्हां पुन्हां पाहावयास मिळतो. कुटुंबाजवळ एकच घर किंवा एकच जमिनीचा तुकडा असतो. त्यावर पहिलें कर्ज बँकेचें, दुसरें पतसंस्थेचें, आणि तिसरें ओळखीच्या माणसाकडून साध्या कागदावर घेतलेलें. हप्ते थकले कीं लिलावाची नोटीस दारावर चिकटते आणि तिघेहि धनको एकदम जागे होतात. पहिला म्हणतो, आधीं माझें. दुसरा म्हणतो, माझाहि दस्त नोंदलेला आहे. तिसरा कागद नाचवीत ओट्यावर येऊन बसतो. ज्याचें घर जावयाचें तो मात्र ही सारी भाषा मुकाट्यानें ऐकतो, कारण त्यांतलें अक्षर त्याला उमगत नाहीं. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंना तें उमगावें, एवढ्याच हेतूनें आज आम्ही हा विषय हातीं घेत आहों.

हा रोग कालचा नव्हे. सन १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं एका सावकारानें हुकूमनाम्याच्या जोरावर बाबासाहेब देशमुख या ऋणकोचें घर घेतलें आणि तें पाडावयास लागला. डोळ्यांदेखत घर पाडलें जात असलेलें पाहून गांव खवळला आणि सावकारांचीं कामें करण्याचें लोकांनीं बंद केलें. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारीं लोकांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुणें व नगर जिल्ह्यांत हा वणवा पसरला. ह्या दंग्यांत लोकांचा मुख्य डोळा पैशाअडक्यावर नव्हता, तो कर्जरोख्यांवर होता. आपलें घर व आपलें शेत कागदानें गिळलें, एवढें त्यांना कळलें होतें. कागद कसा गिळतो, हें मात्र त्यांना कोणी शिकविलें नव्हतें.

दंग्यानंतर सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. कोर्टानें खतावरच्या आंकड्यावर न थांबतां व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहावा, कर्जापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये, आणि जी जमीन खास गहाण लिहून दिलेली नाहीं ती साध्या पैशाच्या हुकूमनाम्यांत विकूं नये, असें त्यानें ठरविलें. कायदा चांगला होता. पण सावकारानें त्यालाहि वाट काढली. तो गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखतच लिहून घेऊं लागला. तो कायदा आज राहिला नाहीं. सावकारीचा बंदोबस्त आतां महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखालीं होतो. बेकायदा सावकारींत बळकावलेली मिळकत चौकशी करून मूळ मालकास परत देण्याचा अधिकार त्यांत जिल्हा निबंधकास आहे. हें पुष्कळांना ठाऊकहि नसतें.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. एकाच घरावर दोन-तीन गहाणें असलीं तर आधीं कोणाचें? ह्याचें उत्तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत आहे. मुंबई इलाख्यांत तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ४८ व्या कलमाचें सार असें कीं ज्याचा हक्क आधीं निर्माण झाला त्याचें आधीं. दुसरें असें कीं शंभर रुपयांचें किंवा त्यावरचें गहाण नोंदलेल्या दस्तावांचून होत नाहीं. ह्याला अपवाद मिळकतीचे मूळ कागद धनकोकडे ठेवून केलेल्या गहाणाचा. महाराष्ट्रांत तशा गहाणाचीहि सूचना तीस दिवसांच्या आंत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. हा नियम १ एप्रिल २०१३ पासून आहे. तेव्हां ओट्यावर बसून साधा कागद नाचविणारा तो तिसरा मनुष्य गहाणदारच नव्हे. त्याचें देणें असेल तर तें द्यावें, पण घरावर त्याचा हक्क नाहीं.

उदाहरण घेऊं. समजा, कसबा पेठेंतील तांबट आळींत एका कारागिराचें घर आहे. त्यानें २०१२ सालीं तें बँकेकडे गहाण ठेवलें. त्याचे आज १५ लाख येणें आहेत. सन २०१६ सालीं त्यानें त्याच घरावर पतसंस्थेकडून कर्ज घेतलें. तिचे १० लाख येणें आहेत. सन २०१९ सालीं बँकेनें त्याच तारणावर आणखी पैसे दिले. ते ८ लाख झाले. दिवाणी कोर्टामार्फत घर विकलें गेलें, २७ लाख आले, आणि लिलावाच्या खर्चांत १ लाख गेला. हातीं राहिले २६ लाख. बँक म्हणते, माझे पंधरा आणि आठ मिळून तेवीस लाख आधीं द्या. तसें केलें तर पतसंस्थेला तीन लाखच मिळतात. पतसंस्था म्हणते, बँकेचे पहिले पंधरा आधीं, मग माझे दहा, आणि उरलेला एक लाख बँकेच्या नव्या कर्जांत. सात लाखांचा तंटा झाला.

इथें कायदा साधारणपणें पतसंस्थेच्या बाजूनें आहे. मध्यें दुसऱ्याचें गहाण आलें असतां आपलें नवें कर्ज जुन्या गहाणाला जोडून पुढें घुसवितां येत नाहीं, असें ९३ वें कलम सांगतें. मात्र ७९ व्या कलमांत एक पळवाट आहे. पुढें द्यावयाच्या रकमेसाठींच पहिलें गहाण केलेलें असेल, जास्तींत जास्त किती रकमेपर्यंत तें आहे हें त्या दस्तांत लिहिलेलें असेल, आणि तें गहाण ठाऊक असूनहि दुसऱ्यानें कर्ज दिलें असेल, तर त्या मर्यादेपर्यंत बँक पुढें राहते. म्हणजे सात लाखांचा निकाल २०१२ च्या दस्तांतील एका ओळीवर लागतो. ती ओळ आमच्या कारागिरानें सही करतांना वाचली होती काय?

पण खरा मासला पुढेंच आहे. तंटा बँक जिंको कीं पतसंस्था, कारागिराच्या डोक्यावर सात लाख उरतातच. घर गेलें तरी राहिलेलें देणें जात नाहीं. तें त्याच्या अंगावर व जामीनदाराच्या गळ्यांत राहतें. उलट तेंच घर ४० लाखांस गेलें असतें तर? खर्च १, बँकेचे १५, पतसंस्थेचे १० आणि बँकेचे पुढील ८ मिळून ३४ लाख झाले असते. सर्वांचें देणें फिटून ६ लाख मालकाच्या हातीं आले असते. देणीं वजा जातां उरेल तें मिळकतीवर ज्याचा हक्क आहे त्याला द्यावें, असें दिवाणी व्यवहार संहितेच्या ३४ व्या ऑर्डरीचा १३ वा नियम सांगतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं धनकोंचें भांडण हें बहुधा स्वस्तांत झालेल्या विक्रीचें पोर असतें. किंमत नीट आली तर आधीं कोण आणि मागून कोण, हा प्रश्नच उरत नाहीं.

किंमत कां पडते? ज्या घरावर तंटा आहे तेथें साधा गृहस्थ बोली बोलावयास येत नाहीं; लिलावांचाच धंदा करणारे चार लोक येतात. पहिल्या गहाणदाराची संमति नसेल तर घर त्याच्या बोजासकट विकलें जातें, आणि तो बोजा किती ह्याचा थांग न लागल्यानें बोली आंखडते. ह्यासाठींच विक्रीच्या जाहीरनाम्यांत मिळकतीवरील बोजे लिहिले पाहिजेत, असें संहिता म्हणते. गहाणदारास स्वतः बोली बोलावयाची असेल तर त्यानें कोर्टाची परवानगी घेतली पाहिजे, आणि अशी परवानगी देतांना कोर्टानें कमीतकमी किंमत ठरविली पाहिजे. हीं शस्त्रें ऋणकोच्या हातचीं आहेत. पण नोटीस आली कीं आमचा मनुष्य लाजेनें तोंड लपवितो, आणि तीं शस्त्रें गंजून जातात.

आज पुष्कळशा लिलावांत कोर्टाचें तोंडहि पाहावें लागत नाहीं. सन २००२ च्या सरफेसी कायद्यानें बँकांना स्वतःच ताबा घेऊन तारण विकण्याचा अधिकार दिला. सहकारी बँकांनाहि तो आहे, असें सुप्रीम कोर्टानें कोल्हापूर जिल्ह्यांतील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणांत ५ मे २०२० रोजीं ठरविलें. ज्या बँकेनें आपलें तारण केंद्रीय नोंदवहींत नोंदलें तिचें देणें सरकारी करांच्याहि आधीं, असें २६-ई हें कलम २४ जानेवारी २०२० पासून सांगतें. आणि मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानें ३० ऑगस्ट २०२२ रोजीं त्यावर शिक्कामोर्तब केलें. ह्या कलमाच्या बळावर बँक आपलें सर्वच देणें पुढें रेटूं पाहील, आणि पतसंस्थेला तिच्याशीं झुंजावें लागेल. पतसंस्थेंतील पैसा भाजीवाल्याचा, शिंप्याचा व मोलकरणीचा आहे, हें तिच्या चालकांनीं विसरूं नये. दुसरें गहाण घेतांना पहिला दस्त न वाचणारा चालक शेजाऱ्यांची ठेव जुगारावर लावतो.

घर सोडवून घेण्याचा हक्क ह्या कायद्यानें फारच आंखूड केला आहे. जुन्या कायद्यांत विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवितां येई. सन २०१६ च्या दुरुस्तीनें ही मुदत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या क्षणावर आणून ठेवली, आणि नवी मुंबईंतील एका मिळकतीच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें सप्टेंबर २०२३ मध्यें तोच अर्थ पक्का केला. लिलावाची नोटीस वाचून जागा होणारा मनुष्य आतां उशिराच जागा होतो.

शेतजमिनीला ह्या कायद्यानें हात लावतां येत नाहीं, हें खरें. पण २०१७ व २०२१ सालीं पुण्याच्या हद्दींत आलेल्या गांवांतील बंधूंनीं सावध असावें. जमीन बिगरशेती करून घेतली कीं ही ढाल गळून पडते. सातबाऱ्यावर शेती लिहिली आहे एवढ्यानेंहि भागत नाहीं. जमीन खरोखर शेतीखालीं असली पाहिजे, असें न्यायालयानें म्हटलें आहे.

म्हणून आमचें सांगणें असें. दुसरें कर्ज काढण्यापूर्वीं पहिल्या गहाणाचा दस्त जाणत्या मनुष्याकडून वाचवून घ्या. कर्जफेड झाली कीं बोजा उतरल्याची नोंद सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर झालेली डोळ्यांनीं पाहा. बँकेची साठ दिवसांची मागणीची नोटीस आली कीं त्याच दिवशीं हिशेब मागा आणि हरकत लेखी द्या. तिला पंधरा दिवसांत उत्तर देणें बँकेस भाग आहे. ताबा घेतला गेल्यास पंचेचाळीस दिवसांच्या आंत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातां येतें, आणि तें पुण्यांतच आहे. घर जाणारच असेल तर लाज सोडून चार नातलगांना व आळींतल्या लोकांना सांगा, चांगला गिऱ्हाईक स्वतः आणा आणि वाजवी भावानें विका. उरलेल्या रकमेचा हिशेब मागण्यास कोणासहि भिऊं नका. ती तुमची आहे.

आणि सरकारास आमचें मागणें असें कीं शेवटची बोली पडेपर्यंत घर सोडविण्याचा हक्क परत द्यावा, आणि प्रत्येक लिलावापूर्वीं सर्व धनकोंची यादी, त्यांचा क्रम व रकमा सोप्या मराठींत त्या घराच्या दारावर लावाव्या. बोली बोलणाऱ्याची भीति जाईल, भाव चढेल, धनकोहि बुडणार नाहीं. सन १८७५ सालीं सुप्याच्या लोकांनीं कागद जाळले, पण कागद जाळून देणें जळत नाहीं. आज आम्ही आमच्या लोकांना कागद वाचावयास सांगतों. घरांत शाळेंत जाणारें जें पोर असेल त्याच्याकडून आजच संध्याकाळीं पेटींतला दस्त मोठ्यानें वाचून घ्या.