भरल्या हातांचा प्रवास

मराठी प्रवासवर्णनातला प्रवासी हा बहुधा रिकाम्या हातांचा माणूस असतो. खांद्याला पिशवी असते, खिशात वही असते. कडेवर मूल नसते. त्याला सूर्यास्त संपेपर्यंत बसता येते आणि पाऊसही त्याच्या वर्णनाच्या सोयीने येतो. निरीक्षण, चिंतन, सौंदर्यदृष्टी हे या वाङ्मयप्रकाराचे निकष आपण वर्गात सांगतो. पण त्या निकषांमागे कोणाची तरी फुरसत उभी असते, हे क्वचितच सांगतो.

हा विचार ठळक होण्यास गेल्या जुलैतला रत्नागिरीचा एक दिवस कारणीभूत झाला. नागपूरचे आमचे स्नेही पतिपत्नी आठ महिन्यांच्या मुलीसह आले होते. थिबा पॅलेस, आरे-वारेचा किनारी रस्ता, गणपतीपुळे, मालगुंड आणि जमल्यास जयगड, असा बेत होता. पाऊस पहाटेपासून लागला होता. मुलीला दर दोन-अडीच तासांनी दूध लागे, मध्येच दुपटी बदलावी लागत. बेताचे वेळापत्रक पावसाने आणि तिने मिळून ठरवले.

पॅलेसमध्ये तिला आळीपाळीने घेऊन आम्ही दालने पाहिली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीस आणला गेला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्यासोबत लहान मुली होत्या आणि त्यांतली एक तर त्याच वर्षी वाटेत मद्रासेत जन्मलेली होती, हा तपशील एरवी तळटीपेत राहिला असता. कडेवर मूल असताना तोच मुख्य मजकूर झाला. राज्य गेलेल्या त्या घराने तान्ह्या मुलीला घेऊन समुद्रमार्गे हा किनारा गाठला होता. कोकणातला पहिला पावसाळा त्या बाळंतिणीने कसा काढला असेल, हा प्रश्न इतिहासाच्या कोणत्या प्रकरणात बसतो?

आरे-वारेला मूल झोपले. दार उघडले तर जागे होईल, म्हणून कोणी उतरले नाही. ओघळत्या काचेतून समुद्राचा करडा पट्टा तेवढा दिसत राहिला. मालगुंडच्या अलीकडे दूध पाजण्यासाठी एका घराची पडवी मिळाली. तिथे जाळी दुरुस्त करणे चालले होते. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ आणि समुद्रही खवळलेला. होड्या वर ओढून ताडपत्रीने शाकारल्या होत्या. तासभर त्या पडवीत बसल्यावर ध्यानी आले, की पावसाळी किनारा म्हणजे नुसते दृश्य नव्हे. तो थांबण्याचा आणि डागडुजीचा काळ आहे. यादी घेऊन धावणाऱ्याला तो भेटत नाही. पुढे केशवसुतांचे स्मारक पाहिले. गणपतीपुळे आणि जयगड राहिले. रूढ अर्थाने दिवस वाया गेला, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही.

मुद्दा वाङ्मयाचा आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा सुमारे दोन वर्षांची होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्रवास पुष्कळ आहेत, मुलाबाळांसह आहेत, पण ते पुस्तक आपण आत्मचरित्राच्या कप्प्यात ठेवतो आणि प्रवासवर्णनाच्या तासाला काढत नाही. मूल आले की प्रवास ‘संसार’ होतो आणि लेखन ‘आठवणी’ होते, ही वर्गवारी निर्दोष नाही. तिने कितीतरी स्त्रियांचे प्रवास आपल्या अभ्यासाबाहेर ठेवले आहेत.

यावर आक्षेप येईल, की दुपट्यांचा हिशेब म्हणजे साहित्य नव्हे. आक्षेप रास्त आहे. कडेवरचे मूल कोणालाही लेखक करीत नाही आणि घरगुती तपशिलांची रास रचली म्हणून दृष्टी येत नाही. पण ओझे हे दृष्टीच्या आड येतेच, हे गृहीतकही खरे नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवावा. आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते परतले. कावडीने त्यांची चाल ठरवली आणि त्या प्रवासाला अर्थही दिला. मराठीतले हे आद्य प्रवासकथन भरल्या खांद्याचे आहे, आणि १९०७ साली छापले गेल्यापासून आजवर ते वाचले जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णन शिकवताना एक प्रश्न निकषांच्या यादीत घालावा: या प्रवाशाच्या हातात काय होते, आणि त्याचे हात रिकामे असतील तर त्याचे ओझे त्या वेळी कोण वाहत होते? या प्रश्नाने काही गाजलेली पुस्तके थोडी लहान होतील. काही विस्मरणात गेलेली मोठी होतील. विद्यार्थ्यांनाही कदाचित आपल्या आयांचे प्रवास लिहिण्याजोगे वाटू लागतील.