अंड्याचा वाद, कोंबडी गैरहजर

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे, असे महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. दरम्यान वाद गाजला तो शाकाहार-मांसाहाराचा. अंडे घालणारीबद्दल फारसे कोणी बोललेच नाही.

पिंजऱ्यातल्या त्या कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही. तिच्यासोबत उबवलेली नर पिल्ले अंडी देणार नाहीत, म्हणून जन्मताच मारली जातात. असे उघडेबोडके पिंजरे युरोपीय संघाने २०१२ पासून बंद केले.

म्हणून मुलांचे अंडे काढून घ्यायचे? मुळीच नाही. नागझिऱ्याच्या कडेच्या चोरखमाऱ्यासारख्या गावांतल्या पोरांना ते हवेच. पण कोंबडीचा कळवळा पोरांच्या ताटापाशीच का जागा होतो? शहरातल्या आमलेटपाशी का नाही? सरकारने निधी पुन्हा द्यावा आणि अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांची अंडी गावातल्याच बायांकडून रास्त भावाने घ्यावीत. महाग पडतील? पडू द्या. स्वस्त अंड्याची उरलेली किंमत आज कोंबडीच चुकवते आहे.