काखेत कळसा

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे पहिल्याच आठवड्यात आम्ही आपल्या वर्गास एक निबंध लिहावयास सांगतो. विषय ठरलेला असतो : 'मी सुट्टी कशी घालविली.' हा विषय इतकी वर्षे टिकून राहिला यात शिक्षकाच्या आळसाचा भाग बराच आहे, हे आम्ही प्रारंभीच कबूल करितो. यंदाही वह्यांचा गठ्ठा तपासावयास घरी आणिला. कोणी महाबळेश्वरास जाऊन आला होता, कोणी कोकणात मामाकडे राहिला होता, एक मुलगी तर विमानाने काश्मीर पाहून आली होती. मात्र एका वहीत दोनच वाक्ये होती : "आम्ही कोठे गेलो नाही. म्हणून लिहिण्यासारखे काही घडले नाही." आम्ही तांबड्या शाईने खाली 'अपुरे' असा शेरा मारिला आणि पुढची वही उघडली.

तो शेरा त्या रात्री आमचा आम्हांसच टोचू लागला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलास जवळ बोलावून आम्ही सहज विचारपूस केली. त्याचे वडील धान्याच्या एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी आहेत. सुट्टीत रोज संध्याकाळी हा त्यांचा डबा घेऊन जाई. वडील जेवीत, आणि मग बापलेक गोदामाच्या ओट्यावर आकाशाकडे पाहत बसत. उत्तरेकडे उंचावर दिसणाऱ्या सात ताऱ्यांना वडील 'बाज' म्हणत. चार तारे हे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन ते बाज पळवू पाहणारे चोर. कोणता तारा कोणत्या वेळी गोदामाच्या छपरामागे बुडतो, यावरून घड्याळ न पाहता वडील रात्रीची वेळ सांगत. "मग हे का रे लिहिले नाहीस?" असे आम्ही विचारले. तो संकोचून म्हणाला, "सर, ते कुठे गेल्यासारखं थोडंच आहे? ते तर घरचंच."

प्रिय विद्यार्थ्यांनो व पालकहो, या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते या एका उत्तरावरून सुचले आहे. दूर जाणे, पैसा खर्चणे आणि छायाचित्रे काढून आणणे म्हणजेच सुट्टी, अशी आपल्या सर्वांची समजूत होऊन बसली आहे. घराजवळ जे आहे ते पाहण्यासारखे नाही, आणि घरच्या माणसांबरोबर घालविलेली वेळ सांगण्यासारखी नाही, असे मुले मानू लागली आहेत. हे त्यांस कोणी शिकविले? आम्हीच, म्हणजे त्यांच्या आईबापांनी व शिक्षकांनी. काखेत कळसा असता गावाला वळसा घालण्याची ही सवय त्यांनी आमच्यापासून उचलली आहे.

स्वतःचेच उदाहरण देतो. आमच्या या शहरास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. तोपर्यंत ते अहमदनगर म्हणून ओळखले जाई. शहराच्या पूर्वेस पाथर्डीच्या रस्त्याने सुमारे १३ किलोमीटरांवर शहा डोंगर आहे व त्याच्या माथ्यावर एक मोठी दगडी इमारत आहे. लोक तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. वस्तुतः तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती मूर्तझा निजामशहाचा प्रधान सलाबतखान याची कबर आहे. ही गोष्ट आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे शिकवीत आलो. परंतु त्या डोंगरावर आम्ही स्वतः किती वेळा गेलो होतो, असे कोणी विचारिले असते तर मान खाली घालावी लागली असती. आमचे वय चाळिशी ओलांडून गेले, आणि आमच्या मुलांनी तो डोंगर केवळ दुरून पाहिला होता.

गेल्या कार्तिकात एका सकाळी आम्ही सहकुटुंब निघालो. माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता आहे. परंतु पायथ्याशी बस सोडून आम्ही पायीच चढलो. आमच्या मातुःश्रीही हट्टाने बरोबर आल्या. वाटेत तरवड पिवळा फुलला होता. "आजी, हे कसलं झाड?" असे मुलीने विचारिताच, तरवडाच्या सालीने कातडे कसे कमावीत, हे आजीने चालता चालता तिला सांगितले. पुढे एका बाभळीच्या काट्यास एक नाकतोडा टोचलेला आढळला. हे कोणा व्रात्य मुलाचे काम असावे असे आम्हांस वाटले. तो खाटीक पक्ष्याचा साठा होता, आणि ते आम्हांस आमच्या चिरंजीवांनी समजावून दिले. वर्गात आम्ही ज्यास 'लक्ष नसते' म्हणून रागावतो तो मुलगा येथे आमचा गुरू झाला. वर पोहोचल्यावर मुलांनी इमारतीच्या बाजू मोजिल्या : आठ. मजले मोजिले : तीन. मग खाली पसरलेल्या शहरात आपले घर कोणत्या बाजूस असावे, यावरून दोघा भावंडांचा वाद जुंपला. आजी भिंतीच्या सावलीत बसून दोघांचीही बाजू घेत होती. त्या एका सकाळी ती नातवंडांशी जितके बोलली तितके आमच्या घरात एरवी महिनाभरातही बोलली नसेल, हे आम्ही काहीशा लाजेने नमूद करितो.

कोणी म्हणेल, डोंगर एकदा पाहून झाला, पुढे काय? याचे उत्तर आमच्या शहराच्या किल्ल्याने फार पूर्वीच देऊन ठेविले आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत पंडित जवाहरलाल नेहरू या किल्ल्यात बंदिवान होते. मौलाना आझाद, सरदार पटेल आदी पुढारीही त्यांच्यासमवेत होते. भिंतीपलीकडचे शहर त्यांस दिसत नव्हते. तरी नेहरूंनी तेथली कठीण जमीन खणून बाग केली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष हाती लागले, चांदबिबीची आठवण निघाली, आणि १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात त्यांनी तेथेच भारताच्या शोधाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मौलानासाहेबांनी तर आपल्या खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांशी मैत्री जोडली व त्या चिमण्यांविषयी इतक्या आवडीने लिहिले की उर्दू वाचक ते लिखाण आजही वाचतात. ज्यांना दाराबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नव्हती त्यांना चार भिंतींच्या आत एवढे सापडले, आणि आपण सर्व मोकळे असूनही रविवारी दुपारी 'कंटाळा आला' म्हणतो!

हा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. म्हणून जाण्यापूर्वी प्रवेशाची वेळ व नियम विचारून घ्यावे, ओळखपत्र जवळ ठेवावे. जाण्याच्या आदल्या रात्री १५९५-९६ च्या वेढ्याची हकिकत घरी कोणीतरी मोठ्याने वाचावी : मोगलांनी सुरुंग लावून तटास खिंडार पाडिले असता चांदबिबीने ते कसे राखिले, ती गोष्ट. वाचून गेलेल्या मुलास तट बोलू लागतो. न वाचता गेलेल्यास ती केवळ दगडांची रास. शहरातील रणगाड्यांचे संग्रहालय पाहतानाही हाच नियम पाळावा.

बाहेर जाणे शक्य नसेल त्या दिवसांसाठी पहारेकऱ्याच्या मुलाची वाट सर्वांस मोकळी आहे. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर किंवा अंगणात जावे. सप्तर्षींच्या बाजेचे पुढचे दोन तारे, म्हणजे क्रतू व पुलह, यांस जोडणारी रेषा पुलहाकडून क्रतूकडे तशीच पुढे वाढविली की ध्रुव सापडतो. मग हात सरळ लांब करून मूठ धरावी. मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवीत गेले तर आमच्या शहरातून ध्रुव दोन मुठींच्या किंचित खाली दिसतो, म्हणजे सुमारे १९ अंशांवर; आणि आमच्या शहराचा अक्षांशही १९ च आहे! नकाशातला जो आकडा मुले घोकून विसरतात तो येथे स्वतःच्या मुठीने मोजता येतो. हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतावर जावे, आगटीभोवती बसावे, आणि ज्वारी पेरल्यापासून कणसात दूध भरेपर्यंत काय काय होते ते त्याच्याच तोंडून ऐकावे. पावसाळ्यात घरीच सर्वांनी मिळून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावी. या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. लक्ष्मीबाई व रेव्हरंड टिळक यांचा संसार पुष्कळ वर्षे आमच्याच शहरात झाला, हे ध्यानात ठेवून वाचणारास पुस्तकातील माणसे शेजारची वाटू लागतील.

आता पालकांस दोन शब्द. पहिला मातांविषयी. सहलीचा दिवस हा घरातील बाईस दुप्पट कामाचा दिवस होतो. पहाटे उठून पुऱ्या तळणारी तीच, पंगत वाढणारी तीच, आणि घरी आल्यावर भांडी घासणारीही तीच. अशी सहल कुटुंबाची नव्हे. ती इतरांची सहल व तिची वेठ होय. भाकरी, शेंगदाण्याची चटणी व कांदा एवढ्यावर भागवावे, पाणी वडिलांनी भरावे, पिशव्या मुलांनी वाहाव्या, आणि भांडी सर्वांनी मिळून घासावी. ती झाडाखाली निवांत बसलेली मुलांस एकदा तरी दिसू द्या.

दुसरा शब्द वडिलांविषयी, आणि तो आम्हांसही लागू आहे. 'वेळ नाही, अभ्यास बुडेल, मुले मोठी झाली की पाहू' असे आपण म्हणतो. थोडे गणित करून पाहावे. इयत्ता पाचवीत आलेले मूल दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडेपर्यंत सहा वर्षे जातात. वर्षाचे रविवार ५२ धरिले तर सारे मिळून ३१२ होतात. त्यांतून परीक्षा, लग्नकार्ये, आजारपणे व आमची स्वतःची कामे वजा घाला. जे उरतात ते फार थोडे, आणि प्रत्येक जून महिन्यात ते आणखी घटलेले असतात. त्यानंतर मुले वसतिगृहात जातात, परगावी जातात. तेव्हा आपणास वेळ असतो आणि ती नसतात. दर महिन्यास एक रविवार मागणे जास्त होईल काय? त्या दिवशी घरातले सर्व मोबाईल एका पिशवीत घालून ती पिशवी वडिलांनीच सांभाळावी, म्हणजे पहिला मोह कोणास होतो तेही कळेल.

दूरचा प्रवास वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांस ऐपत आहे त्यांनी काश्मीर अवश्य पाहावे. परंतु ज्यास आपल्या वाटेवरचा तरवड ओळखता येत नाही त्यास चिनाराचे काय कौतुक वाटणार? आणि ज्या मुलाचे वडील त्यास तारे दाखवितात त्याने 'लिहिण्यासारखे काही घडले नाही' असे लिहावे, यात लाज वाटावयाची ती त्यास नव्हे, त्याच्या शिक्षकास वाटली पाहिजे.

त्या वहीवरचा 'अपुरे' हा शेरा आम्ही खोडून टाकिला व मुलास निबंध पुन्हा लिहावयास सांगितले. त्याने चार पाने लिहून आणिली. शेवटच्या पानावर गोदामाचे छप्पर, ओटा व आकाशातली बाज यांचे चित्र होते, आणि ओट्यावर दोन आकृती बसलेल्या होत्या, एक मोठी व एक लहान. ते आम्ही वर्गात वाचून दाखविले. त्यानंतर आठवडाभर मुले एकमेकांस 'बाज दिसली का?' असे विचारीत होती.

येत्या जूनमध्ये आम्ही निबंधाचा विषय बदलणार आहो. तो आताच सांगून ठेवितो, म्हणजे तयारीस अवधी मिळेल : 'घरापासून तासाभराच्या वाटेवर आम्ही सर्वांनी मिळून काय पाहिले.'