हीलर एकटा किती पुरेल?



दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. नववीतला मुलगा, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळणारा. एका रात्री हेडफोन आपटून उठला. "मावशी, मरतात ते आणि शिव्या मला!" मी शेजारी बसले आणि खेळ समजून घेतला.

२००४ साली आलेल्या या खेळात पाच जणांची तुकडी शत्रूच्या ठाण्यात शिरते. एक टँक, म्हणजे शत्रूचे वार अंगावर घेणारा. तिघे हल्ला करणारे. आणि एक हीलर, सगळ्यांना बरं करणारा. माझा भाचा हीलर होता. हीलरकडे 'माना' नावाची शक्ती असते. उपचार करता करता ती संपली, की तो नुसता बघत बसतो.

मग बाकीच्यांच्या हातात काहीच नसतं का? असतं ना! बरं करणारं औषध कोणीही पिशवीत ठेवू शकतो. तुकडीत वॉरलॉक असेल तर तो सगळ्यांना हेल्थस्टोन देतो. पॅलाडिन स्वतःवर उपचार करू शकतो. आणि पायाखाली आग दिसली की बाजूला सरकायला तर काहीच लागत नाही. पण ते तिघे आगीतच उभे राहून वार करत होते. का? तर हीलर आहे ना!

तुम्ही म्हणाल, बरं करणं हे हीलरचंच काम. बरोबर आहे. एकदा औषध घेतलं की पुन्हा घ्यायला थांबावं लागतं, त्यामुळे हीलरशिवाय भागत नाही. पण टँकला मार चुकवता येत नाही. बाकीच्यांनी आपापले ओरखडे सांभाळले, तरच त्याच्यासाठी माना उरते. स्वतःला सावरणं म्हणजे 'ज्याचं त्याने बघावं' असं नाही. खरी गरज असलेल्यासाठी मदत राखून ठेवणं आहे ते.

हे ऐकताना मला माझा वर्ग आठवला. "बाई, पेन्सिल मोडली", "बाई, पाणी सांडलं", "बाई, हा ढकलतो". यातच तास संपतो. आणि जोडाक्षरांपाशी अडलेली मागच्या बाकावरची मुलगी काही न मागता घरी जाते. माझी माना तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. चूक मुलांची नाही, मीच त्यांना दुसरं काही शिकवलं नव्हतं.

आता वर्गात एक ठरलंय. आधी स्वतः प्रयत्न, मग शेजाऱ्याला विचारायचं, मग बाई. लागलं, रडू आलं, भीती वाटली तर मात्र थेट बाईंकडे. वाचलेल्या वेळात मी त्या मुलीजवळ बसते. काल तिने 'पुस्तक' हा शब्द न अडखळता वाचला.

पालकहो, तुमच्या घरातला हीलर कोण आहे? बहुतेक घरांत आईच. आज जेवल्यावर आपापलं ताट उचलून तर बघा.