विश्लेषण : तीन वर्षांची पदवी की चार वर्षांची ‘ऑनर्स’? शाहूवाडीच्या विद्यार्थ्यांनी नेमके काय पाहावे?

बारावीनंतर कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेला प्रवेश घेणाऱ्यांसमोर आता नवा प्रश्न आहे. पदवी तीन वर्षांची घ्यायची की चौथे वर्ष करून ‘ऑनर्स’ व्हायचे? माहितीपत्रकात ‘ऑनर्स’च्या शेजारीच ‘आंतरविद्याशाखीय शिक्षण’ हा शब्द दिसतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यात त्यांचा हिशेब शहरापेक्षा वेगळा बसतो. तो समजून घेऊ.

हा बदल आला कुठून?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मंजुरी दिली. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा जाहीर केला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठ विभागांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. शाहूवाडी तालुका शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. सरूडचे श्री शिव-शाहू महाविद्यालय असो वा मलकापूर-पेरीडचे प्रा. डॉ. एन. डी. पाटील महाविद्यालय, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला प्रवेश घेतलेल्या तुकडीचे तिसरे वर्ष २०२६-२७ मध्ये येते. म्हणजे चौथ्या वर्षाचा निर्णय याच तुकडीला सर्वांत आधी घ्यायचा आहे.

श्रेयांकांचे गणित काय?

राज्याच्या आराखड्यात दर सत्राला २० ते २२ श्रेयांक आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास. प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधल्या खात्यात जमा होतात.

पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवले तर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर थांबवले तर पदविका मिळते. त्यासाठी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप जास्तीची करावी लागते. मात्र यातले काहीही पदवीच्या बरोबरीचे नाही. पदवीची अट असलेल्या राज्यसेवा किंवा केंद्रीय लोकसेवा परीक्षेला हे प्रमाणपत्र चालणार नाही. तीन वर्षांची पदवी मात्र चालते.

यात आंतरविद्याशाखीय किती?

ज्या विद्याशाखेत मुख्य विषय आहे, ती सोडून दुसऱ्या विद्याशाखेतून ‘ओपन इलेक्टिव्ह’ घेणे राज्यात बंधनकारक आहे. त्याला १० ते १२ श्रेयांक आहेत आणि ते पहिल्या दोन वर्षांत पूर्ण करायचे असतात. १३२ पैकी १२ म्हणजे साधारण नऊ टक्के. तासांत मोजले तर १८०. दोन श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १५ आठवडे, आठवड्याला दोन तास.

याउलट चौथ्या वर्षाचा मोठा भाग मुख्य विषय आणि संशोधनाला दिलेला आहे. थोडक्यात, इतर शाखांची ओळख सुरुवातीला आणि एकाच विषयात खोल शिरणे शेवटी. ‘ऑनर्स केले की आंतरविद्याशाखीय शिक्षण मिळते’ हा समज म्हणूनच अर्धवट आहे. ते शिक्षण तीन वर्षांच्या पदवीतही आहे आणि ते नीट घ्यायचे तर पहिल्या सत्रापासूनच लक्ष द्यावे लागते.

आणखी एक गोंधळ टाळायला हवा. अभियांत्रिकीतले ‘ऑनर्स’ वेगळे. तिथे चार वर्षांची पदवी आधीपासूनच आहे आणि १८ ते २० जादा श्रेयांक मिळवले की ऑनर्स किंवा मायनर मिळते. इथे ऑनर्स म्हणजे आख्खे जादा वर्ष.

जगात ‘ऑनर्स’ची कल्पना काय होती?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्वार्थमोर महाविद्यालयाने १९२२ मध्ये ऑनर्स कार्यक्रम सुरू केला. महाविद्यालयाचे तेव्हाचे प्रमुख फ्रँक आयडेलॉट ऑक्सफर्डमध्ये शिकले होते. तिथली पद्धत त्यांनी आपल्याकडे रुजवली. व्याख्यानांऐवजी मोजक्या विद्यार्थ्यांची चर्चासत्रे ठेवली. विद्यार्थी आधी वाचून येतो, स्वतःचा निबंध मांडतो आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येतात. ही पद्धत आजही तिथे सुरू आहे.

या कल्पनेत भर वर्षांच्या संख्येवर नव्हता, शिकण्याच्या रीतीवर होता. आपल्या आराखड्यात श्रेयांक मोजले जातात. वर्गात चर्चा होते की नोट्स उतरवल्या जातात, हे श्रेयांक सांगत नाहीत. तेच ७० मुलांना एका वर्गात बसवून शिकवले, तर विषयाचे नाव बदलते, शिकणे तेच राहते.

शाहूवाडीत असे चर्चासत्र कसे दिसेल?

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. आंबा परिसरात गवे पिकात शिरतात. हा प्राणिशास्त्राचा प्रश्न आहे, तसाच शेतकऱ्याच्या खिशाचाही. गवा शेतात का येतो, हे वनस्पतिशास्त्र आणि भूगोल सांगेल. पिकाची भरपाई कशी ठरते, हे कायदा आणि अर्थशास्त्र सांगेल. पीक बदलले तर घराचे गणित काय होते, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मांडेल.

तालुक्यातल्या सड्यांवरच्या बॉक्साइट खाणींचेही तेच. रोजगार, पाणी, जंगल आणि रस्ते हे चारही धागे एकत्र घेतल्याशिवाय तो प्रश्न कळत नाही. विशाळगड आणि पावनखिंड पाहायला येणाऱ्या पर्यटकांचा विषय इतिहास, व्यवस्थापन आणि पर्यावरण असा तिन्हीकडे जातो. दोन शिक्षक, पंधरा विद्यार्थी आणि एका सत्रात एक प्रश्न, एवढ्यावर हे होऊ शकते. प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही, कारण तालुकाच प्रयोगशाळा आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पर्यायांची. लहान महाविद्यालयात एक-दोनच विद्याशाखा असतील, तर ‘दुसऱ्या विद्याशाखेतून निवडा’ हे कागदावर सोपे आणि वेळापत्रकात अवघड असते. जो शिक्षक मोकळा आहे, त्याचा विषय घ्यावा लागतो. नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’ या ऑनलाइन व्यासपीठावरून घेता येतात. पण घाटमाथ्यावरच्या वाडीत रेंज मिळणे हाच पहिला पेपर असतो.

दुसरी अडचण चौथ्या वर्षाची. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. त्याला मार्गदर्शक, ग्रंथालय आणि मान्यता हवी. ही सोय गावाजवळ झाली नाही, तर कोल्हापूर गाठावे लागते. म्हणजे एसटी किंवा खोलीचे भाडे. मुलींच्या बाबतीत बऱ्याच घरांत निर्णय इथेच थांबतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, ते खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्याची सोय नसेल तर शाळेचे दार उघडून उपयोग नाही, हे ओळखूनच. सव्वाशे वर्षांनंतर चौथ्या वर्षाच्या बाबतीत तोच मुद्दा पुन्हा उभा आहे.

चौथे वर्ष कोणी करावे?

पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर एकूण वर्षे सारखीच आहेत : तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक. त्यामुळे वेळ वाचतो किंवा वाया जातो, असे नाही. पाहायचे ते हे की चौथे वर्ष जवळच्या महाविद्यालयात मिळते का.

संशोधनाकडे जायचे असेल तर फायदा ठळक आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी.साठी पात्र होता येते. राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्के सवलत आहे. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ला प्रवेशासाठीही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी जागे होऊन चालणार नाही.

नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा हेच लक्ष्य असेल, तर तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवीच आहे. ती घेतली म्हणजे शिक्षण अर्धवट सोडले, असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

प्रवेशाआधी काय विचारावे?

महाविद्यालयात चार प्रश्न विचारा. ओपन इलेक्टिव्हचे प्रत्यक्षात किती पर्याय चालवले जातात? ते शिकवणारा शिक्षक त्या विषयाचा आहे का? माझ्या मुख्य विषयाचे चौथे वर्ष इथेच होणार का? आणि नसेल, तर श्रेयांक घेऊन दुसरीकडे जाताना कोणती कागदपत्रे लागतील? उत्तरे तोंडी घेऊ नका, लेखी किंवा सूचनाफलकावर पाहा. चार वर्षांचा निर्णय या चार उत्तरांवर ठरणार आहे.