ऊसतोडीतील खाडा
बीड जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीस निघणारी स्त्री, जिला फडावर न्हाणीघर वा शौचकूप नाही, आणि अंगावर जात असतानाही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक चढणे जिला चुकत नाही, कारण खाडा पडला की दंड वजा होतो, ती तिशीच्या आतबाहेर ‘पिशवी’ काढण्यास कबूल होते, यात तिचे अज्ञान पाहणारांनी आधी तो हिशेब पाहावा. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावरच्या अशा अस्वच्छतेतून जडणाऱ्या आणि औषधाने बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गावर हा इलाज कशासाठी? गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले तर ऐन तारुण्यात ऋतुनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात. आणि शस्त्रक्रियेचे कर्ज फेडण्यास तीच बाई पुढल्या हंगामी पुन्हा उचल घेते.